धान्यच तर खाल्लं!



गव्हाची मळणी आटोपली की घराघरांत धान्य मोकळे पडलेले असते. पडवीत पोती, सोप्यात चाळणीखालचा बारीक गहू, गोठ्याच्या कोपऱ्यात आंबोणासाठी काढलेला भरडा. अशाच दिवसांत माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी एक संकरित गाय रात्री दावे तोडून भरड्याच्या पोत्यापाशी गेली. व्यायला दीड महिना झालेला, दोन्ही वेळचे मिळून १६ लिटर दूध, आणि बँकेचे कर्ज काढून घेतलेली. पहाटे धारेला गेलेल्या घरधनिणीला पोते निम्मे रिकामे दिसले. गाय मात्र उभी, नजर स्वच्छ, दूधही नेहमीइतके. "खाल्लं तर खाल्लं, आज आंबोण नको तिला," म्हणून सारे कामाला लागले. संध्याकाळी तिने वैरणीला तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर आले, सलाईन लावले, पण दुपारी गाय गेली.

दोन दिवसांनी मी त्या घरी गेलो तेव्हा मालकाने मला एकच प्रश्न विचारला, "साहेब, धान्यच तर खाल्लं तिनं. विष थोडंच खाल्लं?"

मी पिकांचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न इतक्या गोठ्यांत ऐकला आहे की त्याचे उत्तर नीट लिहावे असे वाटले.

गाईचे पहिले पोट, ज्याला आपण कोठीपोट म्हणतो, ते शंभर लिटरांहून मोठे पिंप असते. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. कडबा, गवत गाय स्वतः पचवत नाही, हे जीव पचवतात. त्यातून जी सौम्य आम्ले तयार होतात ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि त्यांवरच गाय जगते, दूध देते. म्हणजे आम्ल हा गाईचा शत्रू नाही. ते किती आणि किती वेगाने तयार होते, एवढाच प्रश्न आहे.

माती परीक्षणाच्या पत्रिकेवर 'सामू' हा शब्द आपण वाचला असेल. ७ म्हणजे ना आम्ल ना विम्ल, त्याखाली आम्लता. कोठीपोटाचाही सामू असतो. वैरणीवरच्या निरोगी गाईत तो साधारण ६ ते ७ च्या दरम्यान राहतो. तो तिथे राखण्याचे मुख्य काम लाळ करते. लांब वैरण चघळताना आणि रवंथ करताना गाय दिवसाला शंभर लिटरांहून अधिक लाळ गिळते आणि त्या लाळेत आपल्या खाण्याच्या सोड्याचाच क्षार असतो. रवंथ करणारी गाय म्हणजे स्वतःचे औषध स्वतःच तयार करणारी गाय.

आता अचानक पाच-दहा किलो भरडा पोटात गेला की काय होते? पिठूळ पदार्थावर झपाट्याने वाढणारे काही जंतू तिथे थोड्या संख्येने असतातच. त्यांना मेजवानी मिळते. ते लॅक्टिक आम्ल बनवू लागतात. दुधाचे दही होते ते याच आम्लाने. पण कोठीपोटातल्या नेहमीच्या आम्लांपेक्षा ते सुमारे दहापट तीव्र असते. सामू घसरू लागतो. साडेपाचाच्या खाली गेला की वैरण पचवणारे जीव मरू लागतात, पाचाच्या खाली गेला की आम्ल सोसणारे जंतूच तेवढे उरतात आणि तेही आम्लच बनवतात. सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहापट झाली, हे लक्षात घेतले तर हा उतार किती घातक ते कळेल. भरडलेले धान्य अख्ख्यापेक्षा लवकर बाधते. धान्यांत गहू फार वाईट. शिजवलेला भात आणि लग्नाच्या पंगतीचे उरलेले अन्नही त्याच जातीचे.

यावर शरीर गप्प बसत नाही. पहिले काम कोठीपोट स्वतः करते: हालचाल थांबवते. त्यामुळे गाय खाणे व रवंथ सोडते, पण रवंथ थांबला की लाळही आटते, आणि नेमकी गरज असताना सोडा मिळेनासा होतो. दाट झालेले ते आम्लाचे पाणी रक्तातले पाणी आपल्याकडे ओढून घेते. म्हणून डाव्या कुशीवर ठोसा दिला की पखालीसारखा डुचमळल्याचा आवाज येतो आणि त्याच वेळी गाईचे डोळे खोल जातात. पोटात पाणी भरपूर, अंगात मात्र दुष्काळ. पुढे आंबट वासाची पातळ हगवण लागते, तिच्यात धान्याचे कण दिसतात.

आम्ल रक्तात उतरू लागले की रक्तातला राखीव क्षार ते शमवतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. तो बाहेर टाकण्यासाठी गाय भराभर श्वास घेते. शर्यतीत धावून आलेला माणूस धापा टाकतो, त्यामागेही थोडेफार हेच कारण आहे. मूत्रपिंडे आम्ल मूत्रावाटे काढू लागतात. गाईचे मूत्र एरवी विम्लधर्मी असते, ते आम्लधर्मी होते. यकृत लॅक्टिक आम्लाचा एक प्रकार चटकन जाळते, पण जंतूंनी बनवलेल्या त्याच्या दुसऱ्या प्रकाराला फार वेळ लागतो आणि तो रक्तात साठत जातो. राखीव क्षार संपला की गाय झिंगल्यासारखी चालते, मग बसते, मान कुशीकडे वळवून पडून राहते. शरीराने शेवटपर्यंत झुंज दिलेली असते. आपल्याला मात्र ती शेवटीच दिसते.

बाहेरून ओळखू येणारी लक्षणे धान्य खाल्ल्यापासून साधारण १२ ते ३६ तासांनी दिसतात. त्या गाईची पहाट चांगली गेली ती यामुळेच. ज्या वेळी ती बरी दिसत होती त्याच वेळी डॉक्टर हवे होते. लवकर गाठले तर डॉक्टर आम्लनाशक औषध देऊ शकतात, जनावर मोलाचे असेल तर पोट उघडून धान्य बाहेर काढतात, आणि नंतर निरोगी जनावराच्या कोठीपोटातले पाणी पाजून जिवंत जीवांचे विरजण लावतात. गाय पडल्यावर यातले फारसे काही करता येत नाही.

म्हणून जनावर धान्यात सापडले की ते कितीही टवटवीत दिसो, धान्य ताबडतोब दूर करावे, फक्त कोरडा कडबा किंवा वाळलेले गवत पुढे टाकावे आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. कोणते धान्य, भरडलेले की अख्खे, अंदाजे किती आणि केव्हा, हे सांगावे. खाण्याचा सोडा उपयोगी पडतो, पण किती व कसा हे डॉक्टरांना विचारूनच. पोट फुगले की सोडा, अशी जी सवय झाली आहे ती धोक्याची आहे. जनावराने युरिया खाल्ला असेल तर पोटात उलट विम्लता वाढते आणि सोड्याने ती आणखी वाढेल. गोडेतेल पाजून आम्ल कमी होत नाही. आणि पडलेल्या गाईच्या तोंडात बाटली मुळीच घालू नये. औषध फुप्फुसात जाते.

याच आजाराचे एक सौम्य रूप आहे. त्यात गाय मरत नाही, पण घर पोखरते. दूध वाढावे म्हणून खुराक वाढवला आणि वैरण कमी पडली की सामू रोज थोडा थोडा खाली जातो. दुधाचे माप तेवढेच, पण डेअरीत फॅट कमी लागते. शेण कधी पातळ तर कधी घट्ट. काही महिन्यांनी गाय पाय जपून टाकू लागते, कारण आम्लतेचा परिणाम खुरांपर्यंत पोचतो. अशा वेळी लोक संकलन केंद्रावरच्या यंत्राशी भांडतात. कधी यंत्रही चुकत असेल, पण आधी गव्हाणीत पाहावे. गाईला दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो हा खुराकाचा साधारण हिशेब आहे, त्यावर शरीरपोषणासाठी एक-दीड किलो. तो दोन-तीन वेळांत विभागून द्यावा. व्यायल्यावर एकदम पूर्ण खुराकावर न आणता दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवावा, म्हणजे कोठीपोटातल्या जीवांना जुळवून घेता येते. आधी वैरण, मग आंबोण. कडबा कुट्टी करावी, पण पीठ करू नये. लांब काडी चघळावी लागते म्हणूनच लाळ सुटते.

बेंदूर असो की पोळा, त्या दिवशी बैलांना पुरणपोळी आणि शिजवलेले धान्य घालायला माझी हरकत नाही. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस गोड मिळावे. पण घरोघर औक्षण होते, आणि प्रत्येक दारात एक पोळी म्हणता म्हणता बैलाच्या पोटात किती जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आपल्या दारी एक घास द्यावा आणि बैल घरी आला की पुढे कडबा टाकावा.

त्या घरी मी अलीकडे पुन्हा गेलो होतो. कर्जाचे हप्ते चालूच आहेत, गोठ्यात आता एक म्हैस आहे. भरडा झाकणाच्या पिंपात असतो, पिंप आतल्या खोलीत, आणि खोलीच्या कडीला रात्री घरधनीण स्वतः कुलूप लावते. किल्ली तिच्या उशाशी असते.