चौकटीच्या कडेचं तंजावूर

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पूर्वेकडच्या पहिल्या गोपुरातून आत आलं की दुसरं गोपुर समोर उभं राहतं. मद्रास फौजेतला कप्तान लिनियस ट्राइप याने 1858 साली इथेच कुठेतरी आपली तिवई रोवली होती. त्याच्या छायाचित्राची प्रत हातात धरून नेमकी ती जागा शोधणं हे चांगलं तासाभराचं काम आहे, आणि या कामाची स्वतःची एक रीत आहे.

चित्रातली एक जवळची खूण धरायची आणि एक लांबची. जवळचा खांब मागच्या कोनाड्याला किती झाकतो ते चित्रात बघायचं, मग डोळ्यांनी. खांब कोनाड्याच्या उजवीकडे सरकलेला दिसला, तर आपण डावीकडे जास्त आलो आहोत. पाऊलभर उजवीकडे व्हायचं. दोन्ही खुणांच्या आकारांचं प्रमाण चित्राशी जुळेपर्यंत मागेपुढे सरकायचं. इथे झूम उपयोगी पडत नाही, पायांनीच चालावं लागतं. शेवटी सावली. ती जुळवायची तर ऋतूही तोच हवा आणि वेळही तीच. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्याच्या साथीदारांनी 1977 ते 1979 अशी तीन वर्षं एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकारांच्या जागा शोधून तिथूनच पुन्हा चित्रं घेतली. त्यांची हत्यारं मोठी होती, पण मूळ युक्ती हीच.

ट्राइप इथे आला तो काळ मराठी वाचकाने ध्यानात घ्यावा असा आहे. तंजावूरचे शेवटचे मराठा राजे दुसरे शिवाजी 29 ऑक्टोबर 1855 रोजी वारले. औरस पुत्र नाही म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केलं. राणी कामाक्षीअंबाबाईसाहेबांचा दावा लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1859 साली तिथेही निकाल विरुद्ध लागला. वाड्यात दु:ख आणि दावा दोन्ही ताजी असताना हा सरकारी छायाचित्रकार देवळाच्या आवारात काम करत होता. तो डिसेंबर 1857 मध्ये बंगळूरहून निघाला होता. नागपट्टणहून तंजावूरला आगगाडी आली ती 1861 साली, म्हणजे त्याचं सगळं सामान आलं बैलगाड्यांवरून.

त्याचं मोठं काम आहे विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, जोत्याभोवतीच्या शिलालेखांचं. कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवत त्याने एकवीस चित्रं घेतली आणि ती सलग जोडली. सुमारे एकोणीस फूट लांबीची ती पट्टी आजही थक्क करते. दगडावरचं प्रत्येक तमिळ अक्षर वाचता यावं असा त्याचा ध्यास होता.

पण या चित्रांत माणूस जवळजवळ दिसत नाही. प्रांगण रिकामं, नंदीमंडप रिकामा. त्यावरून 1858 सालचं देऊळ ओस होतं असं समजू नये. मेण दिलेल्या कागदाच्या निगेटिव्हला मिनिटामिनिटांचा उजेड लागे. तेवढ्या वेळात चालता भटजी, पाण्याची घागर घेतलेली बाई, पळणारं पोर यांपैकी कुणीही कागदावर उमटत नसे. शिवाय त्या कागदाला निळा प्रकाश फार लवकर लागे आणि तांबडा जवळजवळ लागतच नसे. म्हणून आकाश पांढरंफटक येई (ट्राइप निगेटिव्हवर हाताने ढग रंगवत असे) आणि गेरूचे पट्टे काळे पडत. जुन्या चित्रातली काळपट भिंत मळलेलीच असेल असं नाही, ती लाल असू शकते. जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून भराभर निष्कर्ष काढणाऱ्याने एवढं तरी आधी शिकून घ्यावं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. 1867-68 मध्ये छायाचित्रकार एडमंड लायन आला, त्यानेही कॅमेरा देवळांकडेच वळवला. त्याच्या आधी, 1792 साली, चित्रकार डॅनियल काका-पुतण्यांनी चित्र काढलं तेही देवळाचंच. आणि देऊळ हजार वर्षांत फारसं हललेलं नाही! बदललं ते भोवतालचं गाव: चार राजवीथ्या, वाड्याभोवतीच्या गल्ल्या, तटाला लागून वसलेली अलंगमची वस्ती. हे गाव जुन्या चित्रांत शोधायचं तर चौकटीच्या कडेला शोधावं लागतं. एखादं कौलारू छप्पर, एखादा ताड, तटाचा एक तुकडा, बस्स.

हे मनाला लागतं, कारण याच गावाला वस्तीची नोंद ठेवायची सवय फार जुनी आहे. इ.स. 1014 च्या सुमारास राजराज चोळाने देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर चारशे नर्तकींची यादी कोरवली. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या गावच्या देवळातून आली ते, आणि तंजावुरात तिचं घर कुठल्या आळीत, कुठल्या ओळीत, कितवं तेसुद्धा. वर्षाला शंभर कलम (धान्याचं माप) भात हा तिचा वाटा. पुढे 1803 साली सरफोजीराजांनी त्याच प्राकाराच्या नैर्ऋत्य भागात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला. चोळांच्या लेखातून अकराव्या शतकातल्या एका पेठेचं दार-दार सांगता येतं. एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम राजवीथीबद्दल कॅमेरा तेवढं सांगू शकत नाही.

रस्त्यांनी मराठ्यांची नावं तेवढी जपली आहेत. दबीरकुळम रस्त्यात दबीर आहे, मानोजीपट्टीत मानोजी आहे. घरं मात्र झपाट्याने जातात. इथल्या जुन्या घराला रस्त्याकडे तिण्णै असते, म्हणजे आपला ओटा. त्यावर लाकडी खांब, उतरतं कौलारू छप्पर, आत उघडा चौक. रस्ता, गटार आणि दुकानाचं शटर येतं तेव्हा पहिला बळी जातो तो तिण्णैचा. दोन घरांमध्ये मधूनच एखादा ओटा उरलेला दिसला की तिथे पूर्वी अशी सलग ओळ होती हे कळतं.

चार राजवीथ्यांवर तुलनेसाठी एक सुंदर साधन आहे: रथ. बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाचा रथ शंभरेक वर्षांच्या खंडानंतर, नव्याने बांधून, एप्रिल 2015 मध्ये पुन्हा या रस्त्यांवरून फिरला. चित्तिरै या तमिळ महिन्यातल्या उत्सवात त्याचा मार्ग तोच, थांबे तेच, आणि हजारो मोबाइल त्याच्याकडे वळलेले. त्या चित्रांत रथाच्या मागे कोणता सज्जा आहे, कोणत्या दुकानाची पाटी आहे, ते सालवार लावून पाहावं. रस्त्याचं वर्षागणिक चरित्र आपोआप तयार होतं.

अलंगमला ते नशीब नाही. अलंगम म्हणजे तट. तटाला आणि खंदकाला लागून पिढ्यान्पिढ्या लोक राहत होते. 2016 साली तंजावूर स्मार्ट सिटी योजनेत आलं, खंदक मोकळा करायचं ठरलं, आणि तिथली घरं उठवून लोकांना गावाबाहेर हलवलं गेलं. तटबंदी दिसू लागली हे चांगलंच झालं. पण तिथल्या संसारांची चित्रं राहिली ती त्या लोकांच्या फोनमध्ये. फोन बिघडला की ती वस्तीही गेली. दहा वर्षांपूर्वीचं चित्रही आता जुनं चित्र आहे.

मेलवीथीजवळच्या, म्हणजे पश्चिम राजवीथीजवळच्या, एका मराठी घरात आजींनी मला लग्नातला फोटो दाखवला. नवरा-नवरी तिण्णैवर बसलेली, मागे कोरीव चौकट, बाजूला शेजारच्या घराचा अर्धा खांब. आजींचं बोट नवरीच्या चेहऱ्यावर होतं, माझी नजर त्या खांबावर. ते घर आता नाही. त्या खांबाचा मला ठाऊक असलेला एकमेव पुरावा तो फोटो आहे, आणि तो पत्र्याच्या ट्रंकेत आहे.

पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने 1956 पासून दक्षिणेतल्या देवळांची छायाचित्रं जमवली, आणि अलीकडे तमिळ स्टुडिओंतली जुनी कौटुंबिक छायाचित्रंही जतन केली. कौटुंबिक छायाचित्रांत किती इतिहास असतो हे तिथल्या अभ्यासकांनी ओळखलं. तंजावूरची मराठी घराणी आज चेन्नई, बंगळूर, पुणे, न्यू जर्सी अशी पांगली आहेत. हे काम त्यांचंही आहे. तुमच्या घरी आजीच्या लग्नाचा, मुंजीचा, ओट्यावर बसलेल्या पणजोबांचा फोटो असेल, तर तो दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. कडा कापू नका. मागे गल्लीचं नाव, साल आणि घराचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहा, आणि हे सगळं सांगू शकणारी माणसं आहेत तोवर त्यांना आजच विचारा.