हृदयाचें एक उपजत वैगुण्य

इ. स. १८६६ सालीं ब्रेस्लाव शहरांतील (हें शहर आज पोलंड देशांत आहे) डॉ. विल्हेल्म एब्स्टाइन यांनीं १९ वर्षांच्या एका मजुराच्या हृदयाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तो तरुण लहानपणापासून धाप व धडधड यांनीं बेजार होता. परंतु त्याचें दुखणें कशांत आहे हें त्याच्या मृत्यूनंतरच उमगलें. त्या वैगुण्यास आज ‘एब्स्टाइनची विकृति’ म्हणतात.

आपल्या हृदयास चार कप्पे व चार झडपा असतात. झडपेचें काम दाराचें: रक्त पुढें जाऊं द्यावें, मागें येऊं देऊं नये. उजव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील झडपेस तीन पाकळ्या असतात. गर्भांत हृदय घडत असतांना या पाकळ्या भिंतीपासून नीट सुट्या झाल्या नाहींत, तर त्या आपल्या जागेहून खालीं राहतात. मग झडप घट्ट मिटत नाहीं व रक्त मागें फिरतें. पुष्कळांच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्रहि असतें. तेथून अशुद्ध रक्त शुद्ध रक्तांत मिसळलें म्हणजे ओठ व नखें निळसर दिसतात.

हा दोष विरळा. जन्मजात हृद्रोगांत शेंकडा १ हूनहि कमी. सौम्य असल्यास तो प्रौढपणापर्यंत लपून राहतो. चढण चढतांना दम लागणें, एकाएकीं छाती धडधडणें, लवकर थकणें, हीं त्याचीं चिन्हें. डॉक्टर नळीनें हृदयाचे ध्वनि ऐकतात, विद्युत्-आलेख काढतात. परंतु निश्चित निदान बहुधा ध्वनिलहरींच्या साह्यानें काढलेल्या चित्रावरून होतें. या तपासणीचा पाया १९५३ सालीं स्वीडनमध्यें एड्लर व हेर्ट्झ यांनीं घातला.

उपचार दोषाच्या मानानें करावयाचा. सौम्य दोषास नियमित तपासणी पुरते. ठोके बिघडल्यास औषधें देतात, किंवा शिरेंतून बारीक नळी नेऊन हृदयांतील चुकार विद्युत्-मार्ग बंद करितात. झडप फार गळत असेल तर ती शस्त्रक्रियेनें दुरुस्त करितात वा बदलतात. ब्राझीलचे डॉ. जोझे पेद्रो द सिल्वा यांनीं पाकळ्या भिंतीपासून सोडवून त्यांची शंकूच्या आकाराची झडप घडविण्याची रीत १९९३ पासून प्रचारांत आणिली.

खेळांत मागें पडणाऱ्या मुलास ‘आळशी’ म्हणून मोकळें होण्याची चूक आम्हां शिक्षकांकडूनहि घडते. तसें म्हणण्यापूर्वीं त्याच्या छातीस डॉक्टरांचा कान एकदां लागूं द्यावा. आईबापांसहि आमची विनंती आहे कीं, मुलीचें लग्न अडेल या भयानें असें दुखणें झांकूं नये. तें गरोदरपणीं जिवावर बेतूं शकतें. उपजत उणें हा कोणाचा अपराध नव्हे. त्याची लाज बाळगून उपचार टाळणें मात्र आपल्या पदरीं दोष घालील. त्या मजुराचें दुखणें मृत्यूनंतर कळलें. आपल्या लेकरांचें तें जिवंतपणींच कळावें, एवढी सोय देवाच्या कृपेनें आज झाली आहे.