शनवार तेल्यांपासून घ्यावयाचा धडा

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे हल्लीच्या रायगड, जिल्ह्यातील गावांतून तेल्यांचे दोन वर्ग एके काळी सर्वांच्या परिचयाचे असत. सोमवार हा शंकराचा वार म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि शनिवारी घाण्यास बैल न जुंपणारे ते शनवार तेली. कोणत्या दिवशी कोणाकडे तेल मिळावयाचे नाही हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात राहावे, एवढाच या नावांचा व्यावहारिक अर्थ. परंतु शनवार तेल्यांचा सगळा पूर्वेतिहास त्या एका वारात साठविलेला होता, हे शेजाऱ्यांस ठाऊक नव्हते. आणि पुष्कळ काळ स्वतः त्या लोकांसही ते पुरतेपणी ठाऊक नव्हते. हे लोक म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे महाराष्ट्रातील यहुदी. त्यांच्या शब्बाथाची आणि त्यांच्यातील प्रौढ माणसांच्या अध्ययनाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो. धर्म पाळणे आणि धर्म समजणे या दोहोंत केवढे अंतर पडू शकते, व ते अंतर वाढत्या वयाची माणसेही कशी भरून काढू शकतात, याचा याहून चांगला दाखला आमच्या पाहण्यात नाही.

या समाजाची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि होते नव्हते ते सर्व, पोथ्यांसुद्धा, समुद्राने गिळले. पुढे ही मंडळी कोकणातील गावोगाव पसरली. पेणकर, दिवेकर, राजपूरकर, नवगावकर अशी अस्सल कोकणी आडनावे त्यांनी घेतली. भाषा मराठी झाली, बायकांचे लुगडे मराठी झाले. हिब्रू भाषा गेली, शास्त्र गेले, सणांची मूळ नावेसुद्धा गेली व त्यांच्या जागी नव्याचा सण, दारफाळणीचा सण अशी मराठी नावे आली. राहिले ते थोडके. आठव्या दिवशी मुलाची सुंता करावी. खवले नसलेली मासळी खाऊ नये. ईश्वर एक आहे असे सांगणारे हिब्रू वचन प्रसंगी उच्चारावे, मग त्याचा अर्थ कळो अगर न कळो. आणि शनिवारी काम करू नये.

आमच्या वकिली धंद्यातील वाचकांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. मूळ दस्तऐवज गहाळ झालेला असतो, साक्षीदार केव्हाच मेलेले असतात, तरी पिढ्यान्‌पिढ्यांची अखंड वहिवाट दाखविता आली तर तिला कोर्टात मोल असते. बेने इस्रायलांचा दस्तऐवज समुद्रात बुडाला. वहिवाट मात्र त्यांनी दर शनिवारी घाणा बंद ठेवून चालू राखली. वर्षाचे बावन्न दिवस उत्पन्न सोडावयाचे, आणि तेही हातावर पोट असलेल्या माणसाने, ही काही तोंडची गोष्ट नव्हे. तथापि हेही तितकेच खरे की, वहिवाटीने हक्क टिकतो, पण त्याचा अर्थ कळत नाही. शनिवारी काम का करावयाचे नाही, या मुलाच्या प्रश्नास बापापाशी ‘आपल्यात करीत नाहीत’ यापलीकडे उत्तर नव्हते.

मूळ शब्बाथ हा नुसता सुटीचा दिवस नव्हे. शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी घरची गृहिणी दिवे लावते, तेव्हापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत विस्तव पेटविणे, लिहिणे, शिवणे, नांगरणे अशा 39 प्रकारच्या कामांस बंदी असते, खरेदीविक्रीही वर्ज्य. द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणून या दिवसाचे स्वागत होते. कोकणात द्राक्षरसाच्या जागी मनुकांचे सरबत आले. शनिवारी सकाळी सभास्थानात मंडळी जमते. तेथे मूर्ती नसते. पवित्र कपाटात चामड्यावर हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या असतात. मोशेच्या पाच पुस्तकांचे 54 भाग पाडलेले असून दर शब्बाथास नेमलेला भाग वाचावयाचा, वर्षाअखेरीस ग्रंथ पुरा करावयाचा आणि त्याच दिवशी पहिल्या पानापासून पुन्हा आरंभ करावयाचा, अशी व्यवस्था आहे. प्रत्येक शब्बाथी समाजातील सात जणांस वाचनासाठी पाचारण होते. सार्वजनिक प्रार्थनेस दहा प्रौढ माणसे हजर लागतात. ती हजर असली म्हणजे पुरोहितावाचून अडत नाही. त्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात, चालीच्या खुणाही नसतात. सबब वाचणाऱ्यास आठवडाभर आधी तयारी करावी लागते. थोडक्यात, ही उपासनाच अशी रचिली आहे की, समाजातील सामान्य गृहस्थ वाचता झाल्याखेरीज ती चालावयाचीच नाही.

वाचनाइतकेच समजण्याला महत्त्व आहे, हा विचारही तितकाच जुना. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांस एज्राने यरुशलेमेत वेशीपुढील चौकात शास्त्र वाचून दाखविले, तेव्हा स्त्रिया व पुरुष दोघेही ऐकावयास उभे होते आणि अर्थ सांगणारे लोक त्यांच्यांत नेमले होते, असे नहेम्याच्या पुस्तकात लिहिले आहे. पुढे लोकांची बोली अरामी झाली, तेव्हा मूळ हिब्रू वचनापाठोपाठ त्याचे अरामी भाषांतर सभास्थानात सांगण्याचा प्रघात पडला. प्राचीन आचार्यांपैकी अकिबा हा तर चाळिशीपर्यंत निरक्षर होता. पाण्याच्या धारेने झिजलेला दगड पाहून त्याने धीर धरला आणि आपल्या लहान मुलाच्या शेजारी बसून तो अक्षरे गिरवू लागला, अशी कथा आहे. विहिरीच्या काठावर दोरीने पडलेले घळ पाहून पुन्हा अभ्यासास लागलेल्या बोपदेवाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलीच आहे. फरक एवढाच की बोपदेव विद्यार्थी होता, अकिबा संसारी बाप्या होता. चाळीस वर्षांच्या माणसाने पोराच्या ओळीत बसण्यास जी छाती लागते ती निराळीच.

आता पुन्हा कोकणात येऊ. दावीद राहबी नावाचा एक विद्वान यहुदी या लोकांत आला. त्याच्या काळाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. हे आपलेच लोक की काय याची खात्री करण्यासाठी त्याने नाना प्रकारची मासळी घरच्या बायकांपुढे ठेवविली. त्यांनी खवल्यांची तेवढी निवडून घेतली व बाकीची बाजूस सारली. राहबीचा संशय फिटला, आणि त्याने समाजातील तीन पुरुष निवडून त्यांस हिब्रू वाचावयास व धर्मकृत्ये चालवावयास शिकविले. हेच पुढे काजी म्हणून ओळखले गेले. वाचकांनी या कथेतील एका विसंगतीकडे जरूर लक्ष द्यावे. परीक्षा झाली ती बायकांची, उत्तीर्ण झाल्या त्या बायका, आणि पाठशाळेत प्रवेश मिळाला तो तीन पुरुषांस! आमच्याकडील व्यवहार याहून फारसा निराळा नाही, म्हणून आम्हांस हसावयास जागा नाही.

सभास्थान उभे राहण्यास 1796 साल उजाडावे लागले. कंपनीच्या फौजेतील अंमलदार शमुएल दिवेकर हे टिपूच्या कैदेत सापडले होते. सुटका झाल्यावर त्यांनी मुंबईत मांडवी भागात पहिले सभास्थान बांधले. ‘दयेचे द्वार’ अशा अर्थाचे त्याचे हिब्रू नाव. बेने इस्रायल लोक त्यास मशीदच म्हणत, आणि जवळच्या रेल्वे स्टेशनाचे मशीद हे नाव त्यावरूनच पडले असे मानतात. इमारत झाली, पण तीत वाचावे कोणी? 1826 पासून कोचीनचे यहुदी शिक्षक येऊ लागले. त्याच सुमारास ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही या समाजासाठी शाळा चालविल्या. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले, मराठी बायबल घेतले, आणि आपला धर्म मात्र, फारच थोडे अपवाद वगळता, सोडला नाही. उलट त्या साधनांनी तो अधिक समजून घेतला. परकीयांकडून विद्या कशी घ्यावी, या वादात आमच्या पुढाऱ्यांनी जी पुष्कळ शाई खर्च केली तिच्यापेक्षा हे एक उदाहरण अधिक बोलके आहे.

यापुढील काम समाजातील माणसांनीच केले. 1846 मध्ये वल्हांडण सणाची पोथी मराठी अर्थासह मुंबईत शिळाछापावर निघाली. हाइम शमुएल केहीमकर यांनी 1853 मध्ये शिक्षणप्रसारासाठी संस्था काढली व 1875 मध्ये मुंबईत शाळा उघडली. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे मुख्याध्यापक व मुंबई विश्वविद्यालयाचे हिब्रूचे परीक्षक. त्यांनी प्रार्थनेची पुस्तके एकामागून एक मराठीत आणिली. परंतु ज्यांचे शाळेचे वय उलटून गेले, जे दिवसभर सुतारकाम, गवंडीकाम अगर कारकुनी करीत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी 1880 मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी कीर्तन सुरू केले. साचा आपल्या हरिदासांचा, साकी-दिंडी आपल्या, आख्याने मात्र अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची. ज्या गृहस्थास पोथी वाचता येत नव्हती त्यास ती ऐकून कळू लागली. आणि कीर्तनास स्त्रियाही येत, हा लाभ वेगळाच. प्रौढशिक्षण हा शब्द आमच्या सरकारी अहवालांत शिरण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, देववाणीचे भाषांतर केले म्हणजे तिचे पावित्र्य जाते. आमचे म्हणणे असे की, ज्या प्रार्थनेचा अर्थ म्हणणाऱ्यास ठाऊक नाही तिचे पावित्र्य राखले जाते ते केवळ कागदावर. शिवाय मराठी आल्याने हिब्रू गेली, असेही घडले नाही. अर्थ कळू लागल्यावर मूळ शब्दांची गोडी वाढली, असाच या समाजाचा अनुभव आहे.

तथापि एकतर्फी स्तुती करणे हे आमचे काम नव्हे. याच समाजात गोरे इस्रायल व काळे इस्रायल असा भेद होता; गोरे म्हणविणारे काळ्यांशी रोटीबेटीव्यवहार करीत नसत. जो ग्रंथ दर शनिवारी वाचला जात होता त्याला या भेदाचा आधार नव्हता; तो भेद आसपासच्या हवेतून आला होता, आणि ती हवा कोणाची होती हे आम्ही सांगावयास नको. सभास्थानात स्त्रिया निराळ्या बसत आणि दहांच्या गणनेत त्या धरल्या जात नसत. या रूढीस पहिला मोठा धक्का 1925 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन होऊन बसला. तिच्या स्थापनेतील प्रमुख व्यक्ती एक स्त्रीच होती. प्रसिद्ध प्रसूतिवैद्य डॉक्टर जेरुशा झिराड, ज्यांस पुढे 1966 मध्ये पद्मश्री मिळाली. राहबीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या बायकांस प्रमाणपत्र मिळावयास इतका अवधी लागला!

1948 मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. तेथे गेल्यावर त्यांच्या नशिबी एक विलक्षण फिर्याद आली. विवाहाच्या प्रसंगी त्यांच्या कुळाची चौकशी करावी, असे तेथील धर्माधिकाऱ्यांनी 1962 च्या सुमारास ठरविले. म्हणजे हजारो वर्षे शनिवार पाळणाऱ्यांस आता दस्तऐवज मागितला! लोकांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. अखेर 17 ऑगस्ट 1964 रोजी तेथील लोकसभेने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केला. वहिवाट शेवटी मान्य झाली. पण ती लढविण्यास शिकलेली, आपला इतिहास सांगू शकणारी माणसे होती म्हणून झाली, हे विसरता कामा नये.

मागे राहिलेल्यांची संख्या आता काही थोडक्या हजारांवर आली आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये त्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, हे योग्यच झाले. पण अलिबागेची इस्रायल आळी अजून नावाने उभी असली, तरी कोकणातील कित्येक सभास्थानांत शनिवारी दहा माणसे जमविणे दुर्घट झाले आहे. कपाटातील गुंडाळी तशीच असते. ती उलगडण्यास माणसे नसतात.

आमच्या वाचकांपुढे प्रश्न आहे तो याच्या उलट. आमच्या देवळांत माणसांचा तोटा नाही. गर्दीला आवर घालण्यास पोलीस लागतात. परंतु त्या गर्दीतील किती जणांस आपण म्हणतो त्या स्तोत्राचा अर्थ सांगता येईल? शाळा सुटल्यानंतर किती व्यापारी गृहस्थांनी वहीखात्यापलीकडचे पुस्तक उघडले असेल? आम्ही मोठी योजना सुचवीत नाही. प्रत्येक गावी, देवळात म्हणा, ग्रंथालयात म्हणा, आठवड्यातून एक ठरलेली घटका असावी. एक ग्रंथ वर्षाच्या मापाने वाटून घ्यावा. आळीपाळीने सामान्य गृहस्थांनी व गृहिणींनी तो वाचावा व मराठीत समजावून द्यावा. आणि गणना करिताना स्त्री-पुरुष अगर जात पाहू नये. दुकानाची फळी एक घटका लवकर लावल्याने कोणाचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही. शनवार तेल्यांनी तर बावन्न दिवस घाणा बंद ठेवला. त्यांच्या हाती पोथी नव्हती आणि त्यांनी ती मिळविली. आमच्या घरी पोथ्या आहेत, आणि त्या बासनात बांधलेल्या आहेत. मुदत टळून गेल्यावर हक्काची आठवण झाली तर कोणतेही कोर्ट दाद देत नाही.