विकलेल्या मालाचे न आलेले पैसे

रत्नागिरीच्या मांडवीवर आज लोक संध्याकाळी हवा खायला जातात. काळी वाळू, समुद्रात शिरलेली जेटी, मुलांचा गलका. पण मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकात घेण्याची जागा, मालाची पेठ असा आहे. मुंबईतही मांडवी आहे, आणि तीही बंदराशेजारची घाऊक बाजारपेठच. आगबोटीच्या काळात रत्नागिरीच्या बंदरातून आंब्याच्या पेट्या पडावात भरून आगबोटीवर चढवत आणि त्या मुंबईला जात. पेटी गेली म्हणजे पैसा आला, असे मात्र नव्हते. मुंबईत पेटी विकली जायची, दलाल आपली अडत, हमाली, भाडे कापून घ्यायचा, मग पट्टी यायची आणि तिच्यामागून पैसे. माल हातचा गेला आहे, पैसे अजून यायचे आहेत, या मधल्या दिवसांत चूल कशी पेटवायची, हा प्रश्न त्या बंदराइतकाच जुना आहे.

त्यावर बाजाराने काढलेला तोडगा कोकणातल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. दलाल हंगामाआधीच आगाऊ रक्कम देतो. फवारणी, राखणदारी, लाकडी पेट्या, गड्यांची मजुरी त्यातून भागते. पुढे माल त्याच दलालाकडे घालावा लागतो आणि तो लावील तो भाव घ्यावा लागतो. व्याज कागदावर कुठेच दिसत नाही, ते भावात मुरलेले असते. क्रॉफर्ड मार्केटचा बाजार वाशीला गेला, पण ही रीत काही मागे राहिली नाही.

मोठ्या व्यापाऱ्यांनी आपल्यासाठी याहून चांगली सोय फार पूर्वीच करून ठेवली होती. ती म्हणजे मुदती हुंडी. अमुक दिवसांनी इतके रुपये देईन, असा पेढीचा कागद. मुदतीआधी रोकड हवी असेल तर तो कागद दुसऱ्या पेढीवर थोड्या कमी रकमेला विकता येई. हुंडीच्या व्यवहारात जो पैसा द्यावा लागे त्याला हुंडणावळ म्हणत. म्हणजे येणे असलेली रक्कम विकून आज पैसे उभे करणे ही काही विलायती युक्ती नव्हे. फक्त ती पत असलेल्यांची सोय होती. ज्याला जमीन नाही, पेढी नाही, ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याच्या कागदाला बाजारात कोण विचारणार होते?

आज आपल्यातले अनेकजण नोकरी सोडून किंवा नोकरी न मिळाल्याने स्वतःचे छोटे काम काढतात. कोणी वेल्डिंगचे वर्कशॉप घालतो, कोणी कारखान्यांना गणवेश शिवून देतो, कोणी कॅन्टीनचे डबे पुरवतो, तर कोणी साफसफाईची माणसे. रत्नागिरीत मिरजोळे आणि झाडगावच्या एमआयडीसीत अशी कामे चालतात. मालकाला मजुरांचा पगार शनिवारी द्यावा लागतो, कापडवाल्याला रोख मोजावी लागते, आणि स्वतःचे बिल मात्र साठ, नव्वद, कधी एकशेवीस दिवसांनी निघते. वहीत नफा असतो आणि खिशात दमडी नसते. अशा वेळी पहिली गदा घरावर येते. मुलीची कॉलेजची फी थांबते, मंगळसूत्र सोनाराकडे जाते. धंदा बुडाला असे शेजारी म्हणतात, पण पुष्कळदा तो बुडालेला नसतो, अडकलेला असतो.

समजा, एक लाखाचे बिल आहे आणि ते नव्वद दिवसांनी मिळणार आहे. खासगी सावकाराकडून महिना शेकडा पाच दराने तेवढीच रक्कम काढली तर तीन महिन्यांचे व्याज पंधरा हजार होते. बहुतेक छोट्या कामांत एवढा नफाच नसतो. तेच बिल एखाद्या बँकेने वर्षाला नऊ टक्के दराने कापून विकत घेतले तर नव्वद दिवसांचे सव्वादोन हजारांच्या आत जातात. काम तेच, घामही तोच, तरी एका घरात पंधरा हजार जातात आणि दुसऱ्या घरात सव्वादोन.

बिल असे विकत घेण्याच्या धंद्याला फॅक्टरिंग म्हणतात. रिझर्व्ह बँकेने १९८८ साली कल्याणसुंदरम समिती नेमली, तिच्या शिफारशीनंतर १९९१ साली स्टेट बँकेने मुंबईत आणि कॅनरा बँकेने बंगळूरला यासाठी वेगळ्या कंपन्या काढल्या. या पद्धतीत साधारणपणे बिलाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत रक्कम आधी मिळते आणि बाकीची वसुलीनंतर, खर्च कापून. पुढे फॅक्टरिंगसाठी ‘२०११ चा’ म्हणून ओळखला जाणारा स्वतंत्र कायदा झाला. पण छोट्या माणसाच्या दृष्टीने खरा बदल २०१७ साली झाला. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट असे तीन मंच त्या वर्षी सुरू झाले. या व्यवस्थेला ‘ट्रेड्स’ म्हणतात.

तिथला व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. आपण आपले बिल मंचावर चढवायचे. ज्या कंपनीला माल दिला, तिने ‘हे बिल खरे, एवढी रक्कम आम्ही देणे लागतो’ असे कबूल करायचे. मग अनेक बँका त्या बिलावर बोली लावतात आणि सर्वांत कमी कटौती मागणाऱ्या बँकेला आपण बिल विकू शकतो. पैसे एक-दोन दिवसांत खात्यावर येतात. मुदत भरली की बँक ती रक्कम कंपनीकडून घेते. कंपनीने बुडवले तर बँकेला आपल्याकडे वळता येत नाही, हे येथे फार महत्त्वाचे. बाहेर एखादी वित्तसंस्था बिलावर पैसे देते तेव्हा पुष्कळदा करारात उलट लिहिलेले असते, की कंपनीने दिले नाहीत तर तुम्ही द्यायचे. ते बिल विकणे नव्हे, ते बिल तारण ठेवून काढलेले कर्ज आहे. सही करण्याआधी एवढे एक कलम शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. बोली लागते ती आपल्या घराकडे बघून नव्हे. बँक पाहते ती बिल देणाऱ्या कंपनीची पत. घराचा उतारा नसलेल्या माणसाला हे फार मोठे दार आहे. पण ते अरुंद आहे, हेही सांगितले पाहिजे. कंपनीने बिल कबूल केल्याशिवाय ते विकलेच जात नाही. पाचशे कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आणि केंद्र सरकारच्या मालकीच्या कंपन्यांना २०१८ साली मंचावर नोंदणीची सक्ती झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात ही मर्यादा अडीचशे कोटींवर आणली गेली. पण सक्ती नोंदणीची आहे, तुमचे बिल कबूल करण्याची नाही. शिवाय नगर परिषद आणि ग्रामपंचायत या सक्तीत येत नाहीत. आणि आपली माणसे बहुधा कोणाची कामे करतात? नगर परिषदेची, किंवा मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखालची. त्या पोटकंत्राटदाराकडे तर अनेकदा वर्क ऑर्डरही नसते. असते ती फक्त ‘करून टाक रे, बघू’ एवढी बोली. त्या बोलीला कोणतीही बँक एक रुपया देणार नाही.

ज्याचे बिल विकले जात नाही त्याच्यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायदा आहे. लेखी करार असो वा नसो, पैसे कधी द्यायचे ते या कायद्याने ठरवून दिले आहे. करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवस, आणि करार असला तरी पंचेचाळीस दिवसांहून जास्त मुदत चालत नाही. माल वाईट आहे अशी तक्रार पंधरा दिवसांत लेखी केली नाही तर माल स्वीकारला असे धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर सहा टक्के धरला तर अठरा टक्के होतात. दाद मागायची ती सुलभीकरण परिषदेकडे. तिच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचे तर देणेकऱ्याला पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने अशी दुरुस्ती झाली, की सूक्ष्म व लघू उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा मिळू नये.

एवढा धारदार कायदा असून तक्रारी कमी का होतात? कारण पुढची ऑर्डर त्याच माणसाकडून यायची असते. जो तक्रार करतो त्याचे काम बंद होते, ही भीती खोटी नाही. शिवाय कायद्याला भोकेही आहेत. नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानदारीला या कलमांचा लाभ नाही. बांधकामासारख्या ठेक्यांना हा कायदा लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे. म्हणून गटाराचे काम घेणाऱ्याने आणि गणवेश शिवून देणारीने एकाच आशेवर राहू नये.

सरकारी खरेदीत आपला वाटा आहे, तो किती घरांना माहीत आहे? केंद्राची खाती आणि कंपन्यांनी आपल्या खरेदीपैकी पंचवीस टक्के सूक्ष्म व लघू उद्योगांकडून करायची, त्यात चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि तीन टक्के महिलांकडून, असे धोरण आहे. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, तेव्हा हा वाटा आपलाही आहे. चार टक्के प्रत्यक्षात गाठले जात नाहीत ही गोष्ट वेगळी. पण अशा केंद्रीय कंपनीला दिलेल्या मालाचे बिल मंचावर विकले जाण्याची शक्यता असते, आणि पोटकंत्राटदारीत ती मुळीच नसते. त्यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते. तिचे पैसे मागणारा एजंट भेटला तर सरळ जिल्हा उद्योग केंद्रात जावे.

महिला मंडळांसाठी आणखी एक. बिलांच्या या बाजारात हल्ली उलट्या बाजूनेही बोलावणे येते. ‘मोठ्या कंपन्यांची बिले आहेत, तुम्ही पैसे घाला, बँकेच्या दुप्पट व्याज देऊ.’ हैदराबादेत फाल्कन नावाने चाललेल्या अशाच योजनेवर २०२५ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी कारवाई केली. सुमारे सात हजार लोकांनी पैसे घातले होते, त्यांपैकी साडेआठशे कोटींच्या आसपास रक्कम परत मिळाली नाही आणि मोठ्या कंपन्यांच्या नावे दाखवलेले व्यवहार बनावट होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे. ट्रेड्सच्या मंचावर बिले विकत घेणारे असतात ते बँका आणि वित्तसंस्था. तिथे बचत गटाकडून कोणी पैसे मागत नाही. भिशीचे पैसे मागायला जो दारात येईल त्याला आधी विचारावे, की बाबा, बिल कोणत्या कंपनीचे, आणि तिने ते कबूल केल्याचा कागद कुठे आहे?