मर्सिडीज चाकणची, जमीन आपली

शेतकरी बंधूंनो, म्हसवड-धुळदेव औद्योगिक क्षेत्राचा विषय निघाला की पारावर मोटारींच्या कारखान्यांच्या गप्पा रंगतात. मर्सिडीज जर्मनीची खरी, पण 1995 पासून तिची जुळणी पुण्यात होते, 2009 पासून चाकणला. बरेच सुटे भाग बाहेरून येतात, इथं जोडणी. त्यालाही शिकलेला फिटर लागतोच.

कारखाना कायमचा नसतो, बरं का! तळेगावात जनरल मोटर्सनं 2008 साली गाड्या काढायला सुरुवात केली; 2020 च्या अखेरीस उत्पादन थांबलं, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. 2023 मध्ये कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईनं केला. कारखान्याला दुसरा मालक मिळाला. विकलेलं रान कुणाला परत मिळतं? सातबारा सोडण्याआधी पोराला आयटीआयला घाला. ग्रामसभेत विचारा, इथं नेमकं काय बनणार, अन् आपल्या पोरांना कायम नोकरी की कंत्राटी?