हसे गरिबाच्या लेकीचे, नफा वाहिनीचा!

रात्रीची जेवणे आटोपली की घरातील लहानथोर मंडळी टीव्हीपुढे बसतात. पडद्यावर दोघी हमरीतुमरीवर येतात, एखादी ढसाढसा रडते आणि आपण हसतो. या हसण्याचा पैसा कोणाच्या खिशात जातो, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

इंग्लंडमधील जेड गुडीची हकिगत पाहा. लंडनच्या कष्टकरी वस्तीत वाढलेली ही मुलगी दातांच्या दवाखान्यात परिचारिका होती. २००२ साली ती ‘बिग ब्रदर’ या कार्यक्रमात गेली. तिचे अज्ञान, तिचे बोलणे, तिचे शरीर यांची वर्तमानपत्रांनी यथेच्छ टवाळी केली.

जानेवारी २००७ मध्ये याच खेळाच्या नामवंतांच्या पर्वात ती शिल्पा शेट्टीसोबत होती. या वेळी जेडनेच शिल्पाला हिणवले. शिल्पाने जेवणाला हात लावला म्हणून दुसऱ्या एका स्पर्धक बाईने नाक मुरडले. वाचकहो, हे आपल्याला नवे आहे काय? १९२७ साली आपल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले, तर सवर्णांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले होते!

४४,००० हून अधिक तक्रारी गेल्या. प्रायोजक कंपनीने अंग काढून घेतले. नियामक संस्थेने वाहिनीला दोषी ठरविले. तरी वाहिनी चालूच राहिली. जेडला मात्र देशापुढे माफी मागत फिरावे लागले.

ऑगस्ट २००८ मध्ये ती आपल्याकडे ‘बिग बॉस’मध्ये आली. सूत्रसंचालिका होती शिल्पाच! तेथेच जेडला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे कळले. पुढे तिचे आजारपणही टीव्हीवर दाखविले गेले. मुलांच्या भवितव्यासाठी पैसा हवा, असे ती सांगे. २२ मार्च २००९ रोजी ती गेली. वय अवघे २७!

जेडचे चुकले, हे खरेच. पण दिवसभराच्या चित्रणातून भांडण तेवढे वेचून दाखविणारे कोण? भांडण रंगले की प्रेक्षक वाढतात, प्रेक्षक वाढले की जाहिराती येतात. प्रथम तिच्या फजितीवर कमाई, मग तिच्या उद्धटपणावर, शेवटी तिच्या मरणावर!

तथागतांनी सम्यक वाचेबरोबर सम्यक आजीविकाही सांगितली. दुसऱ्याला दुखावून पोट भरू नये, हा तिचा अर्थ. बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान शिकविला. तो दुसऱ्याचाही जपायचा असतो. आज रात्री मुलांना एवढेच विचारा, “तिच्या जागी आपली ताई असती तर?” उत्तर ऐका आणि टीव्ही बंद करा.

जय भीम!