खारी हवा आणि घरची मोटारसायकल

कोकणात मोटारसायकल चालवून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त कुजते. घाटावरच्या माणसाला हे पटकन पटणार नाही. पण श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूरकडच्या मोहल्ल्यांत फिरले की पडवीच्या कडेला अशी एखादी गाडी दिसतेच. रंग ठीक, टायर बरे; पण सायलेन्सरला भोक, चेन ताठ आणि ब्रेकचा पायटा दाबला की तो परत वर येत नाही. मालक बहुधा दुबईला, कुवेतला किंवा कतारला असतो. सुट्टीत हौसेने गाडी घेतली, सुट्टी संपली आणि गाडी भिंतीला लागली.

मधल्या काळात मात्र त्याच गाडीची घराला गरज पडते. अब्बांना दवाखान्यात न्यायचे असते, बहिणीला परीक्षेला सोडायचे असते. म्हणून हा विषय आम्ही फक्त तरुण मुलांपुरता मानत नाही. तो घरातल्या सगळ्यांचा आहे.

गंज येतो कुठून?

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. मीठ मिळाले की तो झपाट्याने चढतो. लाटा फुटताना उडालेले बारीक खारे थेंब वारा आत वाहून आणतो आणि ते पत्र्यावर, नट-बोल्टांवर बसतात. हवेतील आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच ओले होते. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसच्या दिवस हवा याहून दमट असते. म्हणजे गाडीवर पावसाचा थेंब पडला नाही तरी धातू ओलाच राहतो.

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी सर्वांत वाईट गंज पाऊस पोहोचत नाही तिथे सापडतो : मडगार्डच्या आतून, नंबर प्लेटच्या मागे, टाकीच्या खाली, चेन कव्हरच्या आत. उघड्या भागावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो, आडोशाच्या भागावरचे तसेच साचत राहते. समुद्राकडे तोंड असलेल्या पडवीत गाडी ठेवली की ती सुरक्षित झाली, असे समजू नये.

गोड्या पाण्याने धुणे

यावरचा पहिला उपाय म्हणजे एक बादली गोडे पाणी. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते. त्या पाण्याने गाडी धुणे म्हणजे तिला पुन्हा मीठ लावणे. तेव्हा नळाचे किंवा वरच्या विहिरीचे पाणी वापरावे. कपडे धुण्याच्या पावडरीतही क्षार असतात; तिच्याऐवजी थोडा शाम्पू पुरतो.

आठवड्यातून एकदा धुणे ठीक, पण तीन प्रसंगी त्याच दिवशी गाडी धुवावी. एक, दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीसारख्या फेरीबोटीतून आल्यावर. दोन, मासळीची पेटी वाहून आणल्यावर. वितळलेल्या बर्फाचे खारट पाणी कॅरियरवरून थेट चेनवर गळते. तीन, पुळणीवर गाडी नेल्यावर. लाटांच्या पाण्यातून गाडी पळवण्याची मौज मुलांना फार आवडते, पण ते पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि बाहेरून कितीही धुतले तरी आतून निघत नाही. ही मौज बंदच केलेली बरी.

इंजिन निवल्यावरच पाणी मारावे. धुऊन झाल्यावर फडक्याने पुसून एक-दोन किलोमीटर चक्कर मारावी आणि मधून मधून ब्रेक हलके दाबावेत. त्याने ब्रेक सुकतात.

चेन

चेन उघडी असते आणि लाल चिखल, मीठ, पाणी सगळे तिच्यावर येते. एरवी दर 500 किलोमीटरला आणि पावसाळ्यात याहून लवकर तिची साफसफाई करावी. मऊ ब्रशने रॉकेल किंवा चेन क्लीनर लावावा, फडक्याने कोरडी करावी आणि आतल्या बाजूने गिअर ऑइल किंवा चेन ल्युब सोडावे. काही चेनच्या कड्यांत रबरी रिंगा असतात. त्यांना पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नये.

चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटे सापडतात आणि तुटतात. हे घरातल्या मुलांना आधी सांगावे, बाकीचे नंतर.

ब्रेक

गंजलेला सायलेन्सर फार तर आवाज करील. गंजलेला ब्रेक जीव घेईल. ड्रम ब्रेकमध्ये आतली खुंटी गंजून जाम होते. मग ब्रेक एकतर लागत नाही किंवा लागला की सुटत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा चाक काढून मेकॅनिककडून ती साफ करून घ्यावी.

डिस्क ब्रेकवर सकाळी दिसणारा तांबूस थर घाबरण्यासारखा नसतो. दोन-चार वेळा ब्रेक मारला की तो जातो. काळजी करायची ती ब्रेक ऑइलची. हे ऑइल हवेतले पाणी शोषते. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक तापले की ते पाणी आत उकळते आणि लिव्हर एकदम मऊ पडते. वरून डबी भरलेली दिसली तरी दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे.

गंज लागू नये म्हणून गाडीखाली जळके ऑइल फासण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते ब्रेकवर किंवा टायरवर उडाले तर गाडी थांबणार नाही आणि रबरी भागही त्याने फुगतात. त्यापेक्षा मडगार्डच्या आत गंजरोधक रंगाचा हात द्यावा.

मालक परगावी असताना

मुलगा जाताना बजावून जातो, “गाडीला कोणी हात लावू नका.” घरचे प्रेमाने तेवढेच पाळतात. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधतात. आत दमट हवा कोंडते आणि गाडी मुलगा परत येण्याआधीच गंजते.

ताडपत्रीऐवजी छपराखाली जुनी सुती चादर टाकावी, खालून हवा खेळू द्यावी. ओल्या जमिनीवर फळी ठेवून मधल्या स्टँडवर गाडी लावावी. आठवड्यातून एकदा, जुम्याचा दिवस ठरवला तर विसर पडत नाही, परवाना असलेल्या कोणीतरी ती पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर चालवावी. जागेवरच दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे अपायाचे आहे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. सायलेन्सर पुरता तापला नाही तर ते पाणी आतच राहते आणि त्याला आतून खाते.

चालवणारे कोणीच नसेल तर टाकी भरून ठेवावी. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओल धरते. रिकाम्या टाकीत दमट हवेला जागा मिळते. गाडी कार्ब्युरेटरची असेल तर त्यातले पेट्रोल काढून टाकावे. बॅटरीची ऋण बाजूची वायर आधी सोडवावी, मग दुसरी, आणि टोकांना व्हॅसलीन लावावे. पुन्हा गाडी रस्त्यावर काढताना आधी ब्रेक, मग हवा, मग विम्याची मुदत पाहावी.

यातले कोणतेही काम फक्त पुरुषांचे नाही. चादर बदलणे, गोड्या पाण्याने पुसणे, चेनला तेल देणे हे अम्मी, सून, कॉलेजातली मुलगी कोणीही करू शकते. ही गाडी परदेशात घाम गाळून कमावलेल्या हलालच्या पैशाची असते आणि घरच्यांकडे ती अमानत असते. अमानत जपणे म्हणजे ती झाकून ठेवणे नव्हे. ज्याने गाडी ठेवली आहे त्याने जाण्यापूर्वी चावी कोणाकडे आणि आठवड्याची चक्कर कोण मारणार, एवढे ठरवून जावे. रात्री-अपरात्री कोणाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची वेळ आलीच, तर पडवीतली गाडी सुरू झाली पाहिजे आणि वेळेवर थांबलीही पाहिजे.